नवं मॉडेल आणि जुन्या मालकांची मतं: कोणाचं किती ऐकायचं

विचारलेलं थोडक्यात असं: हाताशी सिंगल सिलिंडरची, एअर-कूल्ड टूरिंग गाडी आहे. तिच्या जागी येणाऱ्या मॉडेलचे फोटो आणि आकडे जाहीर झालेत. पुढचं चाक १९ इंचाऐवजी २१ इंची, सीट ८०० ऐवजी ८२५ मिलिमीटर, इंजिन लिक्विड-कूल्ड, टाकी १५ ऐवजी १७ लिटरची, ॲक्सिलरेटरची केबल जाऊन राइड-बाय-वायर (सेन्सर आणि वायरने चालणारं थ्रॉटल), स्पोकचीच पण ट्यूबलेस चाकं, आणि गोल हेडलाइटच्या जागी चपटा एलईडी. जुने मालक दोन गटांत भांडताहेत. काहींच्या मते गाडीचं गाडीपणच गेलं. काहींच्या मते हे सगळं केव्हाच व्हायला हवं होतं. यात कोणाचं ऐकायचं, आणि जुनी काढून नवी घ्यावी का?

आधी भांडणाबद्दल. दोन्ही गट फोटो आणि आकड्यांचा तक्ता बघून बोलताहेत. फोटोवरून रंग, दिवा, टाकीची रेषा यांवर मत देता येतं, आणि ते मत खोटं नसतं. न आवडणारी गाडी रोज बघायची म्हणजे शिक्षाच. पण फोटोत जे दिसूच शकत नाही त्यावरच सगळ्यात जोरात बोललं जातंय: उंची, वजन आणि उष्णता. शिवाय प्रत्येक बदल सुटा धरून बोललं जातंय. मोटरसायकलवर एकटी अशी कुठलीच गोष्ट बदलत नाही. इंजिन, रेडिएटर, टाकी, दोन चाकं आणि तुमचे गुडघे हे सगळं दोन-सव्वादोन मीटरांत कोंबलेलं असतं. एकाला जागा द्यायची तर दुसऱ्याला सरकावं लागतं. त्यामुळे कुठलाही बदल वाचला की पहिला प्रश्न हा: याच्यासाठी काय सरकवलं?

चाकापासून सुरुवात करू, कारण १९ चं २१ झालं की बाकीचं त्याच्यामागे ओढलं जातं. हँडल ज्या आसावर फिरतं तो आस खाली वाढवला तर जमिनीला एका बिंदूत लागतो. टायर त्याच्या थोडं मागे टेकतं. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. ट्रेल जास्त असेल तर गाडी सरळ ठाम चालते पण वळवायला जड लागते. कमी असेल तर चपळ होते, आणि फारच कमी असेल तर वेगात हँडल थरथरायला लागतं. हँडलच्या आसाचा उभ्या रेषेशी असलेला कोन म्हणजे रेक, आणि चाकाचा मध्य त्या आसाच्या जितका पुढे तितका ऑफसेट. हिशोब वहीच्या कोपऱ्यात मावतो. टायरसकट चाकाची त्रिज्या गुणिले रेकच्या कोनाचा साइन, त्यातून ऑफसेट वजा करा, आणि येईल त्याला त्याच कोनाच्या कोसाइनने भागा.

रेक २६ अंश आणि ऑफसेट ४० मिलिमीटर धरून बघा. १००/९०-१९ टायरची त्रिज्या साधारण ३३१ मिलिमीटर, ट्रेल येते ११७. तीच चौकट ठेवून ९०/९०-२१ टायर लावलं, त्रिज्या ३४८, तर ट्रेल १२५. एवढ्यावर भागत नाही. मोठ्या चाकाने गाडीचं नाक १६ मिलिमीटर वर उचललं. १४५० मिलिमीटरच्या व्हीलबेसवर (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) त्याने रेक सुमारे ०.६५ अंश वाढतो आणि ट्रेल १३० च्या घरात जाते. म्हणजे फक्त चाक बदललं आणि ट्रेल १२-१३ मिलिमीटर वाढली. एवढा फरक अरुंद वळणात हाताला लगेच कळतो.

कंपनीच्या चेसिसवाल्यांना हे पाठ असतं. ते नाकाची उंची चौकटीत जुळवून रेक परत २६ वर आणतात आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) क्लॅम्पचा ऑफसेट ४० चा ४७ करतात; ट्रेल पुन्हा ११७. आता पुढचं बघा. ऑफसेटमुळे चाक ७ मिलिमीटर पुढे गेलं, पण टायरची मागची कड वाढलेल्या त्रिज्येमुळे १६ मिलिमीटर मागे आली. एकूण टायर इंजिनाच्या ९ मिलिमीटर जवळ. नेमक्या याच फटीत आता रेडिएटर आणि त्याचा पंखा बसवायचाय, तोही फोर्क पूर्ण दबल्यावर टायर त्याला घासणार नाही अशा बेताने. ही जागा येणार कुठून? एकतर व्हीलबेस वाढवायचा, नाहीतर इंजिन मागे न्यायचं. इंजिन मागे नेलं तर स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात) आखूड करावा लागतो आणि पुढच्या चाकावरचा भार घटतो.

तेव्हा ‘२१ चांगलं की १९’ या वादात पडण्याऐवजी तक्त्यात रेक, ट्रेल आणि व्हीलबेस हे तीन आकडे शोधा आणि तुमच्या गाडीच्या आकड्यांशेजारी लिहा. ट्रेल जुन्याच्या चार-पाच मिलिमीटरांत असेल आणि व्हीलबेस थोडा वाढलेला असेल तर चेसिसवर नीट काम झालंय. दोन्ही आकडे भरपूर वाढले असतील तर गाडी मोकळ्या रस्त्यासाठी आणि कच्च्या वाटेसाठी बेतलेली आहे, गर्दीत जड वाटणार. २१ चा खरा फायदा एकच: खड्ड्यात आणि दगडावर चाक कमी अडतं. किंमतही ठरलेली आहे. पुढचं टायर अरुंद होतं, आणि डांबरी रस्त्याला साजेशा टायरांचे पर्याय १९ पेक्षा कमी मिळतात. ‘नंतर १९ चं चाक लावून घेऊ’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: २१ च्या चाकाचा घेर सुमारे २,१८५ मिलिमीटर, १९ चा २,०८०. पाच टक्के फरक. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) दोन्ही चाकांच्या फिरण्याची तुलना करत असतात. त्यांना तो फरक चाक घसरल्यासारखा दिसू शकतो.

आता ८२५. सगळ्यात जास्त आरडाओरडा यावरच आहे आणि सगळ्यात कमी माहितीही यावरच. सीटची उंची बहुतेक वेळा रिकाम्या गाडीची दिलेली असते. मागच्या सस्पेन्शनला २०० मिलिमीटर ट्रॅव्हल (वरखाली हलायची जागा) असेल आणि प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) तुमच्या वजनाला जुळवलेला असेल, तर तुम्ही बसल्यावर गाडी ६० मिलिमीटरच्या आसपास दबते. वजन कमी आणि स्प्रिंग कडक असेल तर ४० च दबेल. म्हणजे एकाच गाडीवर दोन माणसांना २० मिलिमीटर वेगळी उंची जाणवते. दुसरी गोष्ट सीटच्या पुढच्या भागाची रुंदी. पाय सरळ खाली जात नाहीत, सीटला वळसा घालून जातात. त्यामुळे मोजायचा आकडा वेगळाच: एका टाचेपासून सीटवरून दुसऱ्या टाचेपर्यंतची लांबी. बीएमडब्ल्यू हा आकडा आपल्या पत्रकात देतं. बाकीच्यांचा शोरूममध्ये टेलरच्या टेपने मोजावा लागतो. सीट २५ मिलिमीटरने उंच झाली आणि पुढे ४० मिलिमीटरने अरुंद झाली, तर या लांबीत वाढ होते फक्त १० मिलिमीटर, प्रत्येक पायाला पाच. बुटाचा सोल त्याहून जाड असतो. उलट सीट जुन्याइतकीच उंच पण टाकीजवळ रुंद असेल, तर ८०० लिहिलेलं असूनही टाचा उचललेल्याच राहतील.

उंची खरंच नडत असेल तर आधी प्रीलोड बघा, मग सीटचा फोम कमी करा, आणि लोअरिंग लिंक (मागच्या सस्पेन्शनचा सांधा बदलून गाडी खाली आणणारा भाग) सर्वात शेवटी. लिंकने मागची बाजू २५ मिलिमीटर खाली बसते, पण त्याबरोबर रेक आणि ट्रेल वाढतात. म्हणून फोर्कच्या नळ्याही क्लॅम्पमधून वर सरकवाव्या लागतात, साधारण तेवढ्याच, आणि मग फोर्क पूर्ण दबल्यावर मडगार्ड खालच्या क्लॅम्पला किंवा रेडिएटरला लागत नाही ना हे तपासावं लागतं. साइड स्टँड मूळ लांबीचाच राहिला तर गाडी जवळजवळ उभीच राहते आणि वाऱ्याच्या झोताने उजवीकडे आडवी होते. स्टँड कापून पुन्हा वेल्ड करावा लागतो किंवा आखूड घ्यावा लागतो. चेनचा ढिलेपणाही नव्याने बघायचा. एवढं सगळं करायचं नसेल तर लिंकच्या नादी लागू नये.

वजनाचं थोडक्यात. कर्ब वेट (पेट्रोल-ऑइलसकट) की ड्राय वेट (त्यांच्याशिवाय), टाकी पूर्ण भरलेली की नव्वद टक्के, हे बघितल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करू नका. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो, म्हणजे १७ लिटरची टाकी दीड किलो जास्त, तेही गाडीच्या सगळ्यात वरच्या भागात. २०२३ मध्ये आलेली बीएमडब्ल्यू आर १३०० जीएस आधीच्या आर १२५० जीएसपेक्षा १२ किलो हलकी झाली, २४९ वरून २३७. त्यात टाकी २० ची १९ लिटर केल्याचा वाटा पाऊण किलोचा. बाकीचं चौकट आणि इंजिनातून काढलंय, गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली नेऊन. किलोपेक्षा ते किलो कुठे आहेत हे महत्त्वाचं, आणि ते हातानेच कळतं. साइड स्टँड वर करा, गाडी दोन्ही हातांनी उभी धरा आणि हळूहळू डावीकडे, मग उजवीकडे झुकवा. कुठल्या कोनाला ती अचानक जड होते तिथे लक्ष द्या. जिचं वजन वर आहे ती पाच-सहा अंशांतच हाताला ओढ देते. १९६ किलोची उंच गाडी १९९ किलोच्या बुटक्या गाडीपेक्षा जड वाटू शकते, ती अशी.

टाकीचा आकार लिटरपेक्षा जास्त छळतो, हेही इथेच सांगून टाकतो. उभं राहून गाडी चालवताना गुडघे जिथे टेकतात तिथे टाकी रुंद असेल तर पाय फाकतात आणि तोल हँडलवर येतो. दोन लिटर जादाचे कुठे कोंबलेत, पुढे की गुडघ्यापाशी, हे फोटोत वरून घेतलेल्या कोनातच दिसतं. बाजूच्या फोटोत कधीच नाही.

लिक्विड कूलिंगवर ‘आता गाडी तापणार नाही’ आणि ‘आता गाडी भाजणार’ अशी दोन्ही मतं ऐकू येतात, आणि दोन्हीत तथ्य आहे. इंजिनाचं तापमान ताब्यात राहतं. त्यामुळे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट कमी ठेवता येते, कॉम्प्रेशन वाढवता येतं, आणि पाण्याच्या जॅकेटमुळे आवाजही दबतो. कडक उत्सर्जन नियम पाळायचे आणि ताकदही वाढवायची तर कंपनीला याहून सोपी वाट नाही. पण उष्णता नाहीशी होत नाही, तिची जागा बदलते. एअर-कूल्ड इंजिन चारी बाजूंनी उष्णता सोडतं. लिक्विड-कूल्ड ती रेडिएटरपाशी गोळा करतं, आणि गाडी उभी असताना पंखा ती गरम हवा मागे, म्हणजे थेट तुमच्या नडग्यांवर फेकतो. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची भर. तो तीनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून लवकर तापावा यासाठी तो सिलिंडर हेडच्या जवळ, इंजिनाखाली किंवा उजव्या फूटरेस्टपाशी आणून बसवतात. इंजिनाखाली बसवला तर ग्राउंड क्लिअरन्स जातो, बाजूला बसवला तर पोटरी भाजते. यातलं काय निवडलंय हे सायलेन्सरच्या पाइपचा मार्ग डोळ्यांनी धरत गेलं की दिसतं.

‘फिन नाहीत, इंजिन प्लॅस्टिकच्या डब्यासारखं दिसतं’ ही तक्रार निव्वळ दिसण्याची आहे आणि तिला उपाय आहे. (फिन म्हणजे हवेने थंड होण्यासाठी सिलिंडरवर असलेल्या पट्ट्या.) ट्रायम्फने २०१६ मध्ये बॉनेव्हिल लिक्विड-कूल्ड केली तेव्हा अरुंद रेडिएटर चौकटीच्या पुढच्या दोन नळ्यांमध्ये लपवला आणि सिलिंडरवरचे फिन तसेच ठेवले. त्याआधी फ्युएल इंजेक्शन आलं तेव्हा थ्रॉटल बॉडीला कार्बोरेटरचा वेश दिला होता. जुन्या मालकांचं मन राखायला कंपन्या एवढी मेहनत घेतात. तरी त्याच २०१६ च्या इंजिनात क्रँक ३६० अंशांवरून २७० अंशांचा झाला, म्हणजे दोन सिलिंडरांच्या स्फोटांमधलं अंतर बदललं, आणि आवाज व थरथर पार बदलली. फोटोत हा बदल कोणालाच दिसला नसता.

देखभालीबद्दल मालकांची भीती रास्त आहे, फक्त चुकीच्या जागी आहे. कूलंटचं काम जवळजवळ काहीच नसतं: दोन-तीन वर्षांनी किंवा पुस्तिकेत दिल्याप्रमाणे बदला, साधं नळाचं पाणी घालू नका, गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत एक बारच्या वर दाब असतो आणि झाकण उघडताच उकळता द्रव तोंडावर येतो. रेडिएटरला जाळी लावाच, पण फार बारीक भोकांची नको. चिखलाने ती बुजते आणि पंखा सतत चालू राहतो. फरक पडतो तो टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट (व्हॉल्व्ह क्लिअरन्स) जुळवण्यात. जुन्या एअर-कूल्ड सिंगलला बहुधा स्क्रू आणि लॉकनट असतो. फीलर गेज, पाना, स्क्रूड्रायव्हर, अर्ध्या तासात काम झालं. डबल कॅम आणि शिमच्या (फट जुळवणाऱ्या पातळ चकतीच्या) इंजिनात तपासणीचं अंतर खूप वाढतं, पण मोजमाप चुकीचं निघालं तर बऱ्याच इंजिनांत कॅमशाफ्ट उतरवून ०.०५ किंवा ०.०२५ मिलिमीटरच्या टप्प्यांतला नेमका शिम घालावा लागतो. त्याआधी टाकी, रेडिएटर, कधी एअरबॉक्सही काढावा लागतो. आणि ‘आवाज नाही म्हणजे टॅपेट ठीक’ या भरवशावर राहू नका. ढिला टॅपेट खडखडतो, घट्ट झालेला गप्प बसतो आणि गप्प राहूनच व्हॉल्व्ह जाळतो.

तेव्हा शोरूममध्ये विचारायचं ते हे: व्हॉल्व्ह क्लिअरन्स किती किलोमीटरला तपासायचा आणि त्यासाठी काय काय काढावं लागतं? एअर फिल्टर सीटखाली आहे की टाकीखाली? टाकी किती बोल्टांवर आहे? उत्तर द्यायला सेल्समन अडखळला तर सर्व्हिसच्या माणसाला गाठा.

ट्यूबलेस स्पोक हा या यादीतला मला निर्विवाद वाटणारा एकमेव बदल. ट्यूबचं चाक पंक्चर झालं की चाक काढा, लोखंडी पट्ट्यांनी टायर उतरवा, ट्यूब ओढा. ट्यूबलेसला प्लग घुसवून हवा भरली की निघालात. फक्त हे दोन प्रकारांनी केलेलं असतं हे बघा. एकात स्पोक रिमच्या बाहेरच्या कडांना बसवलेले असतात, हवेच्या बाजूला भोक पडतच नाही. एक स्पोक तुटला तर टायर न काढता बदलता येतो. दुसऱ्यात स्पोक नेहमीसारखे मधोमध आणि आतून रबरी पट्टा किंवा सीलंटने निपल (स्पोक घट्ट करणारं नट) बंद. तिथे रिमची आऊट (फिरताना होणारी डुगडुग) काढताना निपल फिरवलं की सील हलू शकतं, म्हणून स्पोक घट्ट केल्यावर साबणाच्या पाण्याने गळती तपासावीच लागते. आऊट दोन मिलिमीटरच्या आत असेल तर उगाच स्पोकना हात लावू नये. जुन्या गाडीच्या रिमला बाहेरून आणलेली टेप लावून ट्यूबलेस करणाऱ्यांनी रिमवर ‘एमटी’ हा शिक्का आहे का ते आधी पाहावं. तशा रिमला टायरची कड आत घसरू न देणारा उंचवटा असतो. उंचवटा नसेल तर हवा कमी होताच टायर रिमवरून सुटतं, आणि ते बहुधा वळणातच.

राइड-बाय-वायरवरचा राग मला अर्धा पटतो. केबल तुटली तर रस्त्यात बदलता येते. लांबच्या वाटेवर जाणारे जादा केबल जुन्या केबललाच बांधून ठेवतात. इथे ग्रिपपाशी आणि थ्रॉटल बॉडीवर दुहेरी सेन्सर असतात, त्यांचे आकडे जुळले नाहीत की ईसीयू (इंजिनाचा संगणक) ताकद कापतं आणि गाडी रांगत चालते. त्यामागे पुष्कळदा कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी असतं. पण नव्या गाडीत बंद थ्रॉटल किंचित उघडताना जो झटका बसतो, ज्यावर पहिल्या खेपेचे मालक हमखास चिडतात, तो बहुतेक वेळा मॅपिंगचा (ग्रिप किती फिरली की थ्रॉटल किती उघडायचं या नोंदींचा) असतो आणि सॉफ्टवेअर अपडेटने सुधारतो. म्हणून त्या तक्रारीपायी गाडी नाकारू नका. सबफ्रेम (सीट आणि सामान पेलणारी मागची चौकट) वाकतो, फूटरेस्ट नडगीला लागतो, पंखा पायावर फुंकतो, अशा तक्रारी मात्र अपडेटने जात नाहीत. त्यांना जास्त वजन द्या.

हेडलाइटच्या आकारावर मी वाद घालणार नाही. तीन गोष्टी पाहा: दिवा हँडलबरोबर वळतो की फेअरिंगला पक्का आहे, काच खराब झाली तर नुसती काच मिळते की अख्खं युनिट घ्यावं लागतं, आणि लो बीमची कड वळणात गाडी झुकल्यावर आतल्या बाजूचा रस्ता किती कापते. शेवटची गोष्ट रात्रीच कळते. मीटरचा टीएफटी (रंगीत) पडदा पोलराइज्ड गॉगल घालून आणि ऊन पाठीमागून येत असताना बघा, बस्स.

शेपटी छाटून नंबरप्लेट आणि मडगार्ड स्विंगआर्मवर टांगण्याची फॅशन मात्र सरळसरळ चूक वाटते. तो भाग सस्पेन्शनच्या खाली असल्यामुळे रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट खातो. ब्रॅकेटला वेल्डपाशी चीर पडते, प्लेटच्या दिव्याची वायर तुटते, आणि पावसात पाणी पाठीवर व शॉकअपवर उडतं ते वेगळंच.

मालकांच्या मतांनी खरंच काही बदलतं का? बदलतं, पण मत कसं मांडलंय यावर ते अवलंबून असतं. होंडाने २०१८ मध्ये गोल्ड विंग नव्याने बांधली. पुढे डबल विशबोन सस्पेन्शन दिल्यामुळे चाक इंजिनाकडे न येता सरळ वरखाली होऊ लागलं, इंजिन पुढे सरकवता आलं, गाडी लहान आणि हलकी झाली. चेसिस म्हणून उत्तम. पण सामानाची जागा घटली आणि दोघांनी लांब फिरणाऱ्यांची गैरसोय झाली. २०२१ मध्ये मागची ट्रंक ५० लिटरवरून ६१ लिटर झाली; दोन फुल-फेस हेल्मेट मावू लागली. ‘नवीन गाडी आवडली नाही’ यावर डिझायनर काहीच करू शकत नाही. ‘दोन हेल्मेट मावत नाहीत’ यावर करू शकतो.

दिसण्यावरची नाराजीही पोचते, पण तिचा परिणाम उलटासुलटा होतो. डुकाटीने २००३ मध्ये ९१६ च्या घराण्याच्या जागी ९९९ आणली. उभे एकावर एक दिवे आणि एका हाताच्या स्विंगआर्मऐवजी दोन हातांचा. चाहत्यांनी ती झोडपली. पण त्याच गाडीवर २००३, २००४ आणि २००६ चं वर्ल्ड सुपरबाइकचं विजेतेपद आलं. २००७ च्या १०९८ मध्ये आडवे दिवे आणि एका हाताचा स्विंगआर्म परत आले. लोकांना हवं ते दिलं. गाडी म्हणून ९९९ मध्ये खोट होती म्हणून नव्हे.

सर्वात मोलाचं मत असतं ते इंजिन उघडून बघितलेल्या मालकाचं. कावासाकी केएलआर ६५० मध्ये बॅलन्सर चेन (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या वजनांची साखळी) ताणणारा एक छोटा लिव्हर आणि त्याची स्प्रिंग १९८७ पासून होती. लिव्हर तुटतो, स्प्रिंग निसटते, हे मालकांनी कव्हर काढून, तुटके तुकडे दाखवून सांगितलं, आणि त्याचे मजबूत पर्याय बाजारात आले. २००८ च्या मॉडेलमध्ये कंपनीने लिव्हर सुधारला. तुमच्या वादातही अशी माणसं शोधा: जी भागाचं नाव, किलोमीटर आणि कसं तुटलं हे सांगतात. ‘गाडीपण गेलं’ म्हणणारे त्यांच्यापुढे बाजूला ठेवले तरी चालेल.

आता विकायचं का ते. विंडस्क्रीन, आरसे, सीटचा फोम, हँडल राइझर, सायलेन्सरचा शेवटचा भाग, स्प्रॉकेट हे तुम्ही बदलू शकता. पुढचं स्प्रॉकेट १५ चं १४ दातांचं केलं की त्याच वेगाला आरपीएम ७ टक्के वाढतो. खालच्या गिअरमध्ये ताकद कमी वाटली तर एवढ्याने भागतं. राइझर मात्र २०-२५ मिलिमीटरच्या पुढे गेला की ब्रेकचा पाइप आणि वायरिंग ताणलं जातं, हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून बघा. ट्रेल, टाकीचा आकार, रेडिएटरची हवा जाण्याची दिशा आणि सबफ्रेम हे तुम्ही बदलू शकत नाही. मागचा सबफ्रेम बोल्टवर असेल तर पडल्यावर बदलता येतो. चौकटीला वेल्ड केलेला असेल आणि तुम्ही पॅनिअर (बाजूच्या पेट्या) भरून फिरणार असाल, तर तो एकच मुद्दा बाकीच्या दहांवर भारी आहे. तुमचा बहुतेक प्रवास डांबरी रस्त्यावर, मागे माणूस बसवून होत असेल तर १९ ची जुनी गाडी ठेवण्यात काहीच कमीपणा नाही. कच्चे रस्ते आणि मोकळ्या रस्त्यावरचा सततचा वेग हे दोन्ही हवं असेल, तर हे सगळे बदल तुमच्यासाठीच केलेत. फक्त पहिली खेप जाऊ द्या.

टेस्ट राइड पाच मिनिटांची घेऊ नका, त्यात उष्णता कळत नाही. पंधरा-वीस मिनिटं चालवून परत या, गाडी चालू ठेवून दोन्ही पाय जमिनीवर टेकून बसा आणि पंखा सुरू होईपर्यंत थांबा. मग तीन मिनिटं तसेच बसून राहा, घरी घालता त्याच पॅंटमध्ये. त्यानंतर गाडी बंद करून बसल्याबसल्या दोन्ही पायांनी गाडी मागे ढकलत पार्किंगमधून बाहेर काढा. फूटरेस्ट नडगीला लागतो का, आणि सीटला वळसा घालून टाच पूर्ण टेकते का, हे त्या दहा फुटांत कळतं.